मदत हवी आहे: ऑपेराची जुनी पोस्टकार्डं, अस्सल की नंतरची?
मंडळी, मिलानच्या जुन्या बाजारातून इटालियन संगीतकार पुच्चिनीच्या ‘मादामा बटरफ्लाय’ या ऑपेराची तीन चित्रपोस्टकार्डं घेतली. चित्रं मेत्लिकोवित्सची, प्रकाशक रिकोर्दी. ऑपेरा १९०४ चा, म्हणून कार्डंही तेव्हाचीच, असं विक्रेता म्हणाला. (तो म्हणणारच!) दोन कार्डांची मागची बाजू अखंड, फक्त पत्त्यापुरती, तिसऱ्यावर मधोमध उभी रेघ (एकीकडे मजकूर, दुसरीकडे पत्ता). नुसत्या रेघेचं काही नाही, १९०५-०६ नंतर ती सर्रास दिसते. पण भिंगाखाली पहिल्या दोन्हींवर शिळाछापाचे (दगडावरून केलेल्या छपाईचे, म्हणजे लिथोग्राफीचे) वेडेवाकडे कण आहेत, तिसऱ्यावर अगदी एकसारखे ठिपके. ठिपक्यांची छपाई त्या काळीही होती, मग हे पुनर्मुद्रण समजायचं का? कागदावरून ओळखता येईल? आणि पुण्याच्या पावसाळ्यात ती ठेवायची कशात? पीव्हीसी प्लास्टिकची पाकिटं टाळतोय.