गजरात डोळे भरतात ते भक्तीनं की लयीनं?

टाळकरी: सप्त्यात काल्याच्या कीर्तनाला गजर चढला की निम्मा मांडव रडते, एखादी बाई घुमते, एखादा तिथंच आडवा होते. मग पारावर वाद: हा अनुभव की मृदंगाची करामत? जाणकारांनी फोड करून सांगावी.

खंजिरीवाला: भाऊ, आधी श्वास पाहा. ठाय म्हणजे संथ लयीत नाम लांब ओढावं लागते, श्वास मंदावते. २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी जपमाळेची प्रार्थना आणि मंत्रजप तपासला. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. चौगणीत, म्हणजे चौपट वेगात, उलटं. श्वास भराभर, कार्बन डायऑक्साइड उतरते, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होते. याला साक्षात्कार म्हणू नका. अन् ढोंग तर मुळीच नाही.

पोथीवाचक: अश्रू, रोमांच, कंप, स्वेद, स्वरभंग, स्तंभ (अंग ताठणं), वैवर्ण्य (चेहऱ्याचा रंग उतरणं), प्रलय (शुद्ध हरपणं) हे आठ सात्त्विक भाव नाट्यशास्त्रात नटासाठी सांगितले, भक्तिमार्गानं तेच उचलले. म्हणजे डोळ्यांतलं पाणी पाहून ते विठ्ठलासाठी की नाटकासाठी, हे ओळखता येत नाही. लय अंग तयार करते, अर्थ अभंग देते. चरण ऐकूच आला नाही तर नुसता उमाळा उरते.

मांडववाला: आडवा झालेला बहुधा उपाशी असते जी! काला होईस्तोवर पोटात काही नाही, वरून पत्र्याचा मांडव, चैत्राचं ऊन. गर्दी हटवा, पाय उंच करा. कांदा-चप्पल हुंगवू नका. पूर्ण शुद्धीवर आला की १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, घोटघोट. चमचा चहाचा. झटके आले किंवा मिनिटभरात शुद्ध आली नाही तर १०८ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. घुमणाऱ्या बाईला 'तू कोण?' विचारू नका. गर्दीच विचारून विचारून तिच्या तोंडी नाव घालते.

टाळकरी: मग लय काढली तर काय उरते?

पोथीवाचक: अमरावती जिल्ह्यात मोझरीला, तुकडोजी महाराजांच्या आश्रमात पाहा. महाराज १९६८ मध्ये गेले; पुण्यतिथीला दरवर्षी तिथं मौन श्रद्धांजली होते. टाळ नाही, खंजिरी नाही, तरी डोळे भरतात. गर्दी मात्र तिथंही असतेच, तिचा वाटा वजा करता येत नाही.

खंजिरीवाला: म्हणून गजर चौगणीत तोडू नये. परत ठायीवर आणा, माइक बंद करा, दोन मिनिटं कोणी बोलू नका. बहुतेक गावांत नेमकी तेव्हाच देणगीदारांची यादी निघते.