शेवटच्या काळात खुर्च्या कोणी उचलायच्या?

ऐरोलीकर_काका
आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, ऐरोलीत एका शाळेच्या हॉलमध्ये भरते. बाराला हॉल सोडावा लागतो, त्यामुळे आशीर्वाद झाला की स्पीकरच्या वायरी गुंडाळा, खुर्च्यांच्या चळती लावा, चहाचं पातेलं घासा, एकच धांदल. मध्यंतरी बाहेरून एक वक्ते आले होते. प्रभू येशूचं दुसरं आगमन दाराशी आलंय, आता वेळ मध्यस्थांची (इतरांसाठी प्रार्थना करणाऱ्यांची) आणि संदेष्ट्यांची, बाकीच्या सेवा देहाच्या, असा त्यांचा सूर. तेव्हापासून उपवास-प्रार्थनेचा तरुण गट स्वतःला ‘जागे’ म्हणवतो आणि खुर्च्यांकडे फिरकत नाही.
माझं मत सांगतो. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्राचा ४था अध्याय काढा. सगळ्याचा शेवट जवळ आलाय म्हटल्यावर तो प्रार्थना सांगतो, लगेच प्रीती, मग कुरकुर न करता पाहुणचार, आणि ज्याला जे कृपादान मिळालंय त्याने इतरांची सेवा करणं. पाहुणचार म्हटला की पातेलं आलंच.

कोपरखैरणे_९५
काका, त्या गटात मीही आहे. तुम्ही विषय खुर्च्यांवर आणून सोपा केलात. पेत्र मासे धरायचा, त्याने स्वतः येशूमागे जायला जाळी टाकून दिली. ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये संन्यास घेतला. सगळ्यांनीच ‘माझं पाचारण, देवाचं बोलावणं, नोकरीत’ म्हटलं असतं तर सुवार्ता आपल्या घरापर्यंत पोचली असती का? मंडळीतले कितीतरी लोक नम्रतेच्या नावाखाली निवांत आहेत. साक्ष द्या म्हटलं की ‘मी आपला साधा माणूस’. ऑफिसात शेजारी बसणाऱ्याला आपण ख्रिस्ती आहोत हेसुद्धा ठाऊक नसतं. दृष्टांतातल्या दहा कुमारी दिवे घेऊन नवरदेवाची वाट बघत होत्या, पुरेसं तेल न घेतलेल्या पाच बाहेर राहिल्या, हे काही मी सांगत नाही, प्रभूने सांगितलंय.

कळव्याची_ताई
टिळक काढलेस म्हणून लिहिते. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा त्यांचं ख्रिस्तावरचं काव्य ‘ख्रिस्तायन’ अर्धवट होतं. ते पुरं केलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, लहानपणी शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने. आता यातलं वरचं पाचारण कुठलं, तूच ठरव. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली केवढं आध्यात्मिक जागरण झालं! पण म्हणून तिथलं शेत, स्वयंपाकघर, छापखाना बंद पडला नाही. पुढे रमाबाईंनी भाषांतर केलेलं अख्खं मराठी बायबल तिथेच छापलं गेलं. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये पंगतीची व्यवस्था बघायला सात जण निवडले, त्यांतला स्तेफन पहिला हुतात्मा झाला. आणि आगमनाच्या नावाने घाबरून जाऊ नका असं ज्या पत्रात पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो, त्याच पत्रात काम न करणाऱ्याने खाऊही नये असं बजावतो.
राहता राहिल्या कुमारी. मत्तय २५:५ नीट वाच. नवरदेवाला उशीर झाला तेव्हा दहाही जणी झोपल्या, शहाण्यासुद्धा. मग ‘जागे’ हे नाव कुठून काढलंत?

तलावपाळी
मी कॅथलिक, तरी मध्ये बोलतो. इथे ठाण्यात १३२१ साली फ्रान्सिस्कन संघाचे चार धर्मप्रचारक मारले गेले. काजीने विचारलं तेव्हा ‘आम्ही आपले साधे फकीर’ म्हणून सुटायचा प्रयत्न त्यांनी केला नाही. तेव्हा मुलाच्या बोलण्यात तथ्य आहे, नम्रता म्हणजे गप्प बसणं नव्हे.
आणि काका, तुमच्या लिहिण्यात कोणी किती खुर्च्या उचलल्या याचा हिशेब दिसतो. योहान १३ मध्ये प्रभूने त्याला धरून देणाऱ्या यहूदाचेही पाय धुतले, तो उठून बाहेर जायच्या आधी. मागच्या बाकावर बसणाऱ्यालाही गर्व होतो, फक्त तो कोणी बोलून दाखवत नाही.

ऐरोलीकर_काका
हिशेब आहेच. मी खजिनदार आहे. बाराला हॉल सोडला नाही तर जादा भाडं लागतं, आणि ते भरायला मध्यस्थ येत नाहीत.

खाडीकिनारा
१८४४ ला अमेरिकेत विल्यम मिलर या उपदेशकाच्या लोकांनी आगमनाची तारीख धरली होती, २०११ ला रेडिओवरच्या हॅरॉल्ड कॅम्पिंगने २१ मे जाहीर केली. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला. तो दिवस आणि ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही, मग वक्त्याला कशी कळली?

कोपरखैरणे_९५
तारीख कोणीही दिलेली नाही, उगाच मिलर आणू नका. दहाही झोपल्या, हे ताईंचं मान्य. पण तेल पाचजणींकडेच होतं, आणि मागून ते मिळालं नाही. त्यावर कोणीच बोललं नाही.

कळव्याची_ताई
बोलते. कोणाकडे तेल आहे हे तिथे हाक आल्यावर, दिवे नीट करताना कळलं. तू आधीच वाटण्या करून बसलायस. पाळकांच्या आईला गुडघ्यांमुळे उपवास-प्रार्थनेला रात्रभर बसवत नाही, दर गुरुवारी त्या कळव्याच्या रुग्णालयात डबे पोचवतात. त्यांना तुमच्या गटातल्या एकीने ‘अजून झोपेत’ म्हटलं. मी शेजारीच उभी होते.

कोपरखैरणे_९५
ते चुकीचंच, तिच्याशी बोलतो. पण एकमेकांकडे बघायचंच नाही हे पटत नाही. इब्री १०:२५ म्हणतं की तो दिवस जवळ येताना दिसतो तसतसा एकमेकांना अधिक बोध करा. बोध करायचा तर कोण कुठे उभा आहे ते बघावं लागणारच. शुक्रवारी रात्री गट घणसोलीला बसतो. काका, इथे लिहिण्यापेक्षा तिथे येऊन बोला.