डिस्कवर्ल्ड वाचायचंय? पहिल्या भागापासून सुरू करू नका

गोदाकाठ (नांदेड):
टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाची डिस्कवर्ल्ड ही विनोदी, जादूच्या जगातली मालिका म्हणजे 1983 ते 2015, एकूण 41 इंग्रजी कादंबऱ्या. आमच्या ग्रुपातले चारपाच जण वाचायचं म्हणायलेत आणि सगळे 'द कलर ऑफ मॅजिक'च धरून बसलेत, का तर ते पहिलं. माझं म्हणणं, नका. त्यात तो जुन्या तलवार-जादूवाल्या इंग्रजी गोष्टींची टर उडवतो, त्या गोष्टीच वाचल्या नसतील तर हसायचं कशाला? वर शेवटी हिरो त्या सपाट जगाच्या कडेवरून खाली पडतो अन् पुस्तक खलास, राहिलेलं पुढच्या भागात. त्यापेक्षा 1989 चं 'गार्ड्स! गार्ड्स!' घ्या. अंख-मॉरपॉर्क शहरात चोरांची रीतसर संघटना, लायसन काढून चोरी करायची आणि वर पावती द्यायची. डोंगरातून नवीन आलेला कॅरट नावाचा भोळा पोलीस कायद्याचं पुस्तक पाठ करून येतो आणि थेट संघटनेच्या अध्यक्षालाच चोरीच्या गुन्ह्यात आत घेतो! तालुक्याचं ठाणं पाहिलेल्याला यातलं काहीच समजावून सांगावं लागत नाही.

परभणीकर:
नाही पटलं भौ. सालाप्रमाणंच वाचावं, लेखक कसा घडत गेला ते दिसतं. कासवाच्या पाठीवर चार हत्ती अन् त्यांच्यावर सपाट जग, हे कूर्म-दिग्गज ऐकत मोठं झालेल्याला अवघड जातंय होय? आणि पहिल्याच भागातली ती शेकडो पायांची पेटी मालकामागं पळत सुटते, मधी येईल त्याला गिळते, त्याला हसायला आधी काही वाचलेलं लागत नाही.

पैठणवाली:
दोघांचंही राहू द्या, 'स्मॉल गॉड्स' (1992) घ्या. ओम नावाचा मोठा देव, नावाचा दरारा एवढा, पण मनापासून मानणारा भक्त एकच उरलाय, म्हणून देवाचं झालंय कासव आणि तो भोळा ब्रूथा त्याला घेऊन हिंडतोय. आमच्या गावात नाथांच्या घरी देव श्रीखंड्या होऊन पाणी भरायचा, आम्हाला हे परकं वाटतच नाही. माळावर शेंदूर गेलेले, निवद बंद झालेले किती दगड दिसतात, ते पुस्तक वाचल्यावर त्यांच्याकडं बघणंच बदलतं.

गोदाकाठ:
ताई, पुस्तक भारीच, वाद नाही. पण त्यात धर्माच्या नावावर छळ करणारा तो व्हॉर्बिस आहे, विनोदी म्हणून हातात घेतलेला माणूस दचकायचा. शिवाय त्यातली मुख्य माणसं पुढं भेटत नाहीत. पोलिसांच्या कादंबऱ्या आठ आहेत, एक आवडली की पुढचा रस्ता तयार.

पैठणवाली:
पुढं भेटत नाहीत म्हणूनच तर म्हणायले! 41 चा आकडा ऐकूनच लोक पळतात, हे एक वाचून सोडलं तरी गोष्ट पुरी होते. आपल्यातले निम्मे मराठी मिडीयमवाले, त्यात बहुतेक पुस्तकांत प्रकरणंच नाहीत, एसटीत वाचताना थांबायचं कुठं तेच कळत नाही. आणि हो, मोबाईलवर वाचणारांनी तळटीपा गाळू नका, लई विनोद तिथंच दडवलेत.