जप्त झालेले केळीचे पैसे परत मिळतील का?

प्रश्न (रावेर): माझ्या दिरांना गांजाच्या वाहतुकीच्या गुन्ह्यात अटक झाली. त्याच दिवशी घरझडतीत आमच्या कपाटातील, केळीच्या विक्रीचे सुतळीने बांधलेले १,८०,००० रुपयेही पंचनामा करून नेण्यात आले. वडिलोपार्जित शेतही जाईल का, या काळजीने सासूबाईंनी जेवण सोडले आहे.

उत्तर (चोपडा): ताई, जप्ती म्हणजे सरकारजमा होणे नव्हे. एनडीपीएस कायदा (अमली पदार्थविरोधी कायदा), १९८५ च्या कलम ६२ चा रोख अमली पदार्थांच्या विक्रीतून आलेल्या पैशावर आहे, आणि कलम ६३ प्रमाणे आरोपी दोषी ठरो वा सुटो, जप्त वस्तूचे काय करायचे ते न्यायालयच ठरवते. व्यापाऱ्याची पट्टी (विक्रीची पावती), वजनाची चिठ्ठी आणि बँकेचे पासबुक जोडून ताब्यासाठी लवकर अर्ज करा. पट्टीवरची तारीख झडतीच्या आधीची आहे ना, हे आधी पाहा.

उत्तर (धुळे): शेताचा प्रश्न वेगळा आहे. याच कायद्यात १९८९ मध्ये आलेल्या प्रकरण ५-अ खाली, दहा वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत, नातेवाइकांच्या नावावरील मालमत्तेलाही नोटीस येऊ शकते, आणि ती वैध कमाईची आहे हे सिद्ध करण्याचा भार आपल्यावर असतो. मात्र अटकेच्या सहा वर्षांपूर्वी आरोपीने मिळवलेली मालमत्ता या प्रकरणाखाली सरकारजमा होत नाही. सातबारा आणि जुने फेरफार आजच काढून ठेवा, आणि सासूबाईंना हे नीट समजावून सांगा.

प्रश्नकर्ती: पट्टी सापडली. तारीख झडतीच्या नऊ दिवस आधीची आहे. उद्याच वकिलांकडे जाते.