झरीनाची ‘डिव्हायडिंग लाइन’: शीर्षक झाकलं तर काय उरतं?

मृण्मयी:
मुद्राचित्रकार झरीना हाश्मींचं ‘डिव्हायडिंग लाइन’ हे २००१ चं वुडकट, म्हणजे लाकूड कोरून घेतलेला छाप. फिकट कागदावर वेडीवाकडी उतरत जाणारी एक काळी रेघ, बस. ही १९४७ ची रॅडक्लिफ रेषा, फाळणीत आखलेली भारत-पाकिस्तान सरहद. पण शीर्षक झाकलं तर ती नदी, भिंतीचा तडा की सरहद, कोण सांगेल? फाळणीचं सगळं दुःख शेजारच्या शीर्षकाच्या पाटीवर आहे, चित्रात नाही, असं माझं ठाम मत आहे. चित्रकार-शिल्पकार सोमनाथ होरांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळातली माणसं रेखाटली, ती पाहायला पाटी लागत नाही.

शाईवाला:
ताई, अजिबात पटलं नाही. वुडकटमध्ये कोरलेला भाग छापला जात नाही, शाई फक्त उंच राहिलेल्या लाकडाला लागते. काळी रेघ हवी तर तिच्या दोन्ही अंगांचं लाकूड काढून टाकावं लागतं. म्हणजे ही रेघ कुणी ओढलेलीच नाही. दोन्हीकडची जमीन गेल्यावर ती मागे राहिली आहे. छाप जवळून बघा, आजूबाजूला कोरणीचे बारीक काळे ओरखडे उमटलेत. तेवढं साफ करणं बाईंना अवघड नव्हतं, त्यांनी ते राहू दिलेत.

मृण्मयी:
हे तुम्हाला दिसतं, कारण तुम्ही रोज कोरणी धरता. बघणाऱ्याने आधी तंत्र शिकून यायचं का?

अनघा_क:
मृण्मयी, तू होरांचं नाव घेतलंस म्हणून विचारते, त्यांच्या सत्तरच्या दशकातल्या ‘वून्ड्स’ (जखमा) या छापांचं काय? मातीच्या थरावर घाव घालायचे, त्याचा सिमेंटचा साचा करायचा, त्यात कागदाचा लगदा दाबायचा. बहुतेक छापांत शाई नाही, माणूस नाही, पांढऱ्यावर पांढरं. पुस्तकातल्या फोटोत काहीच कळत नाही. बाजूने उजेड पडला की कागदाच्या भेगा आणि सुजलेल्या कडा दिसतात, आणि अंगावर काटा येतो. दुष्काळाची माणसं काढणाराच तिथवर पोचला, याचा विचार कर.

मृण्मयी:
होर मान्य. तिथे कागदालाच जखम आहे, ती डोळ्यांनी चाचपता येते. रेघेत तसं काही नाही. आणि झरीनांचा तरी आकारावर कुठे भरवसा होता? १९९९ च्या ‘होम इज अ फॉरेन प्लेस’मध्ये ३६ वुडकट आहेत आणि प्रत्येकात उर्दू शब्द: घर, दहलीज, दरवाजा.

शाईवाला:
उलट आहे. तिथे शब्द आधी आले. त्यांनी यादी केली, पाकिस्तानातल्या एका कातिबाकडून, म्हणजे सुलेखनकाराकडून, ते शब्द लिहवून घेतले आणि मग एकेका शब्दाचा आकार शोधला. ते शब्द छापाचाच भाग आहेत, पाटी नव्हेत. त्यांचे आईवडील कराचीला गेले, त्या स्वतः देशोदेशी राहिल्या. अशा बाईने घराचा नुसता नकाशा ठेवला तर त्यात भरवशाची कमतरता कुठे दिसते?

मृण्मयी:
शब्द छापाचा भाग आहेत, हे मानते. पण मग तोच न्याय ‘डिव्हायडिंग लाइन’ला लावा. तिथे शब्द छापात नाहीत, बाहेर आहेत. माझा प्रश्न तिथेच आहे, आणि ओरखड्यांनी त्याचं उत्तर अर्धंच दिलंय.