मदत हवी आहे: ग्वामच्या ट्रेकला शूज कुठले घ्यावेत?

मंडळी, नवऱ्याच्या नोकरीमुळे सध्या ग्वामला (पॅसिफिकमधलं अमेरिकेचं बेट) आहोत, वीकेंडला घरी बसवत नाही. गेल्या शनिवारी माउंट लॅमलॅमला गेलो, उंची जेमतेम 406 मीटर, म्हटलं आपण राजगड केलेली माणसं, हे काय! पण तिथलं ते धारदार गवत, मनगटापासून कोपरापर्यंत बारीक चिरे पडले आणि त्यावर घाम आला की जी आग होते ना.. त्यात लाल माती, पाऊस पडला की नुसता साबण, दोनदा बूड टेकलं. आता टार्झन फॉल्सला जायचंय, तिथे पाण्यातूनही चालायचंय म्हणे. तर शूज जाड ग्रिपवाले घेऊ का पाणी निघून जाणारे? फुल बाह्यांचा शर्ट पुरतो की हातमोजेही लागतात? आणि सॉक्सवरचे ते गेरूसारखे डाग कशाने जातात, लिंबू, व्हिनेगर सगळं करून झालंय.