मॉर्फिनचा डोस वाढवला की दुखणंही वाढतंय, मदत हवी आहे

बाबांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, पण कंबरदुखी गेली नाही. ट्रॅमाडॉलने भागेना म्हणून डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. सुरुवातीला छान गुण आला. मग असर लवकर उतरायला लागला, डोस वाढवला की पुन्हा बरं. इथवर ठीक, औषध अंगवळणी पडतं, टॉलरन्स म्हणतात ते.

आता मात्र वेगळंच चाललंय. शेवटचा डोस वाढवल्यापासून दुखणं पसरलंय. आधी कंबर आणि डावा पाय होता, आता दोन्ही मांड्या, पाठ, खांदेसुद्धा. चादर अंगावर टाकली तरी कळवळतात. काल मोजे घालून देताना नुसतं बोट लागलं, तर पाय झटकन ओढून घेतला. एमआरआय पुन्हा केला, नवीन काही नाही. घरात कुजबुज सुरू आहे की चटक लागलीय. पण बाबा उलट गोळी घ्यायलाच कंटाळतात, त्यामुळे मला ते पटत नाही.

वाचताना 'ओपिऑइड-इंड्यूस्ड हायपरअल्जेसिया' (मॉर्फिनसारख्या औषधानेच दुखणं वाढणं) हे नाव दिसलं. हे टॉलरन्सपासून वेगळं कसं ओळखतात? गोळ्या सरळ बंद करून बघू का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:
मी भूलतज्ज्ञ आहे. न तपासता निदान सांगणार नाही, पण एकदम बंद अजिबात करू नका. घाम, जुलाब, नाक गळणं, अंगावर काटा येणं असे त्रास होतात आणि दुखणं आणखी उसळतं. शिवाय खंड पडल्यावर जुनाच डोस घेतला तर श्वास मंदावून जिवावर बेतू शकतं, कारण अंगातली सवय तोवर उतरलेली असते.

टॉलरन्समध्ये डोस वाढवला की आराम पडतो आणि दुखणं सहसा आपली जागा सोडत नाही. तुम्ही लिहिलंय तसं पसरणं, साध्या स्पर्शानेही दुखणं, डोस वाढवल्यावर बिघडणं, हे हायपरअल्जेसियाकडे बोट दाखवतं. मज्जारज्जूतले एनएमडीए रिसेप्टर (पेशींवरचे संदेश पकडणारे रेणू) जास्त जागे होतात आणि वेदनेचा संदेश वाढवून मेंदूकडे जातो. मॉर्फिनच वेदना वाढवत असेल, ही शंका क्लिफर्ड ऑलबट या इंग्रज डॉक्टरने 1870 मध्येच मांडली होती, तेव्हा बाबा नाटक करत नाहीत हे घरच्यांना जरूर सांगा.

यासाठी रक्ताची तपासणी नसते. मूळ आजार वाढलाय का, दोन डोसांच्या मध्ये विथड्रॉअल (औषध कमी पडल्याचा त्रास) होतंय का, हे आधी बघतात. मग डोस हळूहळू उतरवणं, ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन या दुसऱ्या ओपिऑइड औषधांवर नेणं, जोडीला गॅबापेंटिनसारखं औषध, असे मार्ग आहेत. ते पेन क्लिनिकच्या देखरेखीखालीच.

क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) कधी केलं होतं? किडनी मंद असेल तर मॉर्फिनपासून बनणारे घटक शरीरात साठतात. त्यानेही असंच दुखतं आणि स्नायू उडतात.

धागाकर्ती:
मनापासून आभार. क्रिएटिनिन ऑपरेशनच्या आधीचं आहे. आणि झोपेत त्यांचे हातपाय उडतात खरं, आम्ही ते स्वप्नांवर ढकलत होतो.

प्रतिसाद:
मग उद्यावर टाकू नका, आजच डॉक्टरांना फोन करून हे सांगा. जास्त गुंगी, बरळणं किंवा श्वास संथ वाटला तर थेट इमर्जन्सीत न्या. जाताना गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या.